अध्ययन अक्षमता आणि दहावीच्या सवलती: कागद नेमका कुठे अडतो

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की शाळेच्या ऑफिससमोर दोन-चार पालक हमखास उभे दिसतात. हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात खासगी समुपदेशकाकडून आणलेला रिपोर्ट, आणि एकच प्रश्न, "सर, पोराला पेपरात जादा वेळ मिळून जाईल ना जी?" रिपोर्ट खोटा नसतो. पोराची अडचण तर आम्ही वर्गात रोज बघतोच. तरी बहुतेकांना त्या वर्षी नाही म्हणावं लागतं. नागपुरातल्या एका शाळेत विशेष गरजा असणाऱ्या मुलांचे कागद सांभाळायचं काम माझ्याकडे आहे, आणि पेपराच्या तोंडावर "नाही" म्हणायचं ओझं आता नको झालंय. म्हणून हे लिहितो.

आधी हक्काचं. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 मध्ये अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि वाचन, लेखन, गणित यांतली विशिष्ट अध्ययन अक्षमता त्यातलाच एक. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक (मूल सांगेल ते उत्तर लिहिणारा), दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट या गोष्टी कायद्यातच लिहिलेल्या आहेत. राज्याच्या 16 ऑक्टोबर 2018 च्या शासन निर्णयात प्रकारानुसार सवलती दिल्यात: तासाला 20 मिनिटं जादा, लेखनिक, गणिताच्या अडचणीसाठी कॅल्क्युलेटर किंवा सातवीच्या पातळीचं अंकगणित, उत्तीर्ण होण्यासाठी 20 पर्यंत वाढीव गुण. हे सगळं राज्य मंडळाच्या शाळांचं. सीबीएसईचे नियम वेगळे, त्यांनी आपल्या शाळेतच विचारावं.

सवलत मिळते ती शासकीय प्रमाणपत्रावर. खासगी रिपोर्टवर मिळत नाही, मग तो कितीही मोठ्या डॉक्टरांचा असो. शाळेत 'प्रशस्त' ॲपवर केलेल्या चाचणीवरही मिळत नाही. एनसीईआरटीचं हे ॲप शिक्षकांसाठी आहे, मुलाला पुढे तपासायला पाठवायचं की नाही एवढंच ते सांगतं. गेल्या वर्षी एका आईने त्याच ॲपच्या अहवालाची प्रिंट लॅमिनेट करून आणली होती. काय सांगणार त्यांना?

प्रमाणपत्रासाठी अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर, युडीआयडीचा म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा. आधार, फोटो, सही किंवा अंगठा, पत्त्याचा पुरावा लागतो. फी एक रुपयाही नाही. "लवकर काढून देतो" म्हणणारा भेटला तर त्याला रस्ता दाखवा. अर्ज भरणं अर्ध्या तासाचं काम आहे. खरी अडचण त्याच्या आधी आणि नंतर येते.

आधीची अडचण नावाची. गेल्या पावसाळ्यात एका मुलाचा कागद यावरच फिरत राहिला. आधारवर वडिलांचं नाव 'मारोती', शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये 'मारुती'. विदर्भात घरोघरी मारोतीच म्हणतात, पण पहिलीत नाव घालताना कोणीतरी शुद्धलेखन केलं. युडीआयडी आधारप्रमाणे निघालं, परीक्षेचा अर्ज रजिस्टरप्रमाणे गेला, आणि एकाच मुलाचे दोन बाप तयार झाले. अर्ज करण्याआधी आधार, रजिस्टर आणि जन्मदाखला टेबलावर शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर अक्षर जुळवा. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती दहावीत गेल्यावर फार जड जाते, आठवीत तुलनेने सोपी असते.

पत्त्याचंही तसंच. नियमानुसार अर्ज राहत्या जिल्ह्यातल्या किंवा जिथे उपचार चालू आहेत त्या रुग्णालयाकडे जातो. मूल मामाकडे राहून नागपुरात शिकतं आणि आधारवर पत्ता गोंदियाचा, अशी मुलं आमच्याकडे दरवर्षी असतात. नागपूर शहरातला पत्ता असेल तर पोर्टलवर मेयो, मेडिकल अशी सरकारी रुग्णालयांची नावं दिसतील. रुग्णालय निवडण्याआधी तिथे अध्ययन अक्षमतेची तपासणी होते का ते विचारून घ्या. अस्थिव्यंगाचं प्रमाणपत्र देणाऱ्या ठिकाणी मानसशास्त्रीय चाचण्या होतातच असं नाही.

आता तो कागद, जो जवळपास कोणाकडेच नसतो: शाळेचं निरीक्षण पत्र. रुग्णालयात मुलाला डोळ्यांचा किंवा कानांचा दोष नाही ना हे आधी तपासतात, मग बुद्ध्यांक, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. हे सगळं करणाऱ्यांना मुलाचा वर्गातला इतिहास हवा असतो. "विद्यार्थी अभ्यासात कच्चा आहे" या एका ओळीचा त्यांना उपयोग नाही. मी पत्रात लिहितो ते असं: तोंडी विचारलं तर पाण्याच्या चक्राच्या सगळ्या पायऱ्या सांगतो, लिहायला दिलं की 'बाष्पीभवन' तीन ओळींत तीन तऱ्हांनी लिहितो, फळ्यावरचं उतरवताना ओळ सोडतो, 35 चे 53 करतो. सोबत मागच्या दोन-तीन वर्षांची गुणपत्रकं आणि मूळ वह्या. वह्या रद्दीत घालू नका हो! लाल शाईने भरलेली जुनी वही इथे सोन्याच्या मोलाची आहे. मूल कोणत्या माध्यमात शिकतं तेही पत्रात ठळक लिहून घ्या. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी वाचायला देऊन परीक्षा घेतली तर निकाल काय येणार ते सांगायला नको.

बुद्ध्यांक सीमारेषेवर आला की पालक गोंधळतात. ज्याला आपण 'स्लो लर्नर' म्हणतो ते मूल बहुतेकदा अध्ययन अक्षमतेत बसत नाही, आणि बौद्धिक अक्षमतेत मोजलं तरी 40 टक्क्यांच्या खाली राहतं. कार्ड मिळतं, पण पांढरं. पिवळं 40 टक्क्यांपासून, निळं 80 पासून. कार्ड आलं म्हणून पेढे वाटण्याआधी त्यावरचा रंग, टक्केवारी आणि वैधतेची तारीख वाचा. आठवीत काढलेल्या प्रमाणपत्राची मुदत दहावीच्या परीक्षेआधी संपलेली मी पाहिली आहे.

वेळेचं गणित तर सगळ्यांचंच चुकतं. प्रमाणपत्र द्यायची मुदत पूर्वी एक महिना होती, 2024 च्या सुधारित नियमांनी ती तीन महिने केली. त्याच नियमांत असंही आहे की दोन वर्षांहून जास्त काळ निर्णय झाला नाही तर अर्ज निष्क्रिय होतो आणि नव्याने भरावा लागतो. लटकवणार ते, पुन्हा भरणार आपण. त्यात विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे सुरुवातीचे दोन आठवडे तसेही गेलेले. म्हणून आठवीत हालचाल सुरू करा. आठ वर्षं पूर्ण झाल्यावर तपासणी होऊ शकते, दहावीची वाट बघायचं काही कारणच नाही.

मंडळाच्या परिपत्रकात जी शेवटची तारीख असते ती शाळेने मंडळाकडे प्रस्ताव द्यायची असते. पालक त्याच दिवशी दुपारी कागद घेऊन येतात. शाळेची तारीख त्याच्या बरीच आधी असते, ती विचारून घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आणि परीक्षेचा अर्ज व सवलतीचा प्रस्ताव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अर्जात दिव्यांग प्रकाराचा रकाना भरला म्हणजे लेखनिक मिळाला असं होत नाही. मुख्याध्यापकांच्या सहीने प्रस्ताव सिव्हिल लाइन्समधल्या विभागीय मंडळाकडे जावा लागतो. उलटही घडतं: प्रस्ताव जातो आणि अर्जातला रकाना कोरा राहतो. प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या अर्जांची तपासायला येणारी यादी, आली की तो रकाना स्वतः बघा, सही करून मोकळे होऊ नका.

सातवीचं अंकगणित घेण्याआधी मात्र मुलाशी बोला. पुढे पॉलिटेक्निक किंवा विज्ञान शाखेचा विचार असेल तर ही सवलत आड येऊ शकते. लेखनिक खालच्या वर्गातला असतो, त्याच्यासोबत दोन-तीन सराव पेपर झालेच पाहिजेत. ज्याने आयुष्यात कधी उत्तर बोलून लिहवलं नाही, तो पहिल्याच पेपरला अर्धा तास गप्प बसतो.

शाळेतल्या सहकाऱ्यांसाठी एक: यूडायस प्लस या शाळा-विद्यार्थ्यांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत मुलाची विशेष गरज नोंदवा. ती नोंद नसेल तर समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या लेखी ते मूल नाहीच, मग प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता, मुलींचा प्रोत्साहन भत्ता, विशेष शिक्षकाची भेट, काहीच त्याच्यापर्यंत पोचत नाही.

प्रस्ताव देताना दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. बाबू म्हणेल, "राहू द्या, पोचला समजा." समजू नका, शिक्का घेऊनच खाली उतरा.