ओ२४.४ की ओ२४.१? गरोदरपणातल्या मधुमेहाचा क्लेम आणि त्याची कागदपत्रं

सिन्नरहून आलेली एक सून, पहिलंच बाळंतपण, सिझर. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं, सासूबाईंनी दुपटी-टोपडी बांधली, रिक्षा दाराशी आली आणि विमा कंपनीकडून विचारणा आली: ‘रुग्णाला मधुमेह केव्हापासून? जुनी कागदपत्रं पाठवा.’ डिस्चार्ज समरी उघडली तर पहिल्याच ओळीत लिहिलेलं, ‘के/सी/ओ डीएम’. म्हणजे आधीपासूनच मधुमेह असलेली. प्रत्यक्षात तिची साखर पहिल्यांदा वाढलेली दिसली ती सहाव्या महिन्यात. लिहिताना ‘जीडीएम’ (गरोदरपणात उद्भवलेला मधुमेह) मधला ‘जी’ गळाला होता, एवढंच. रिक्षा परत गेली. सही-शिक्क्यासह समरी दुरुस्त होऊन मंजुरी यायला संध्याकाळ झाली.

नाशिकच्या एका खासगी रुग्णालयात मी कॅशलेसच्या काउंटरवर बसतो. असल्या फायली महिन्यातून एकदोनदा तरी येतात, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

विम्याच्या क्लेम फॉर्मचे दोन भाग असतात. भाग अ तुम्ही भरायचा, भाग ब रुग्णालयाने. या भाग ब मध्ये आजाराचा आयसीडी-१० कोड (आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला क्रमांक) टाकण्याचे रकाने असतात. गरोदरपणातल्या मधुमेहाचे सगळे कोड ओ२४ पासून सुरू होतात. (पहिलं अक्षर इंग्रजी ‘ओ’ आहे, शून्य नाही. शून्य टाकलेली फाईल परत आलेली मी पाहिली आहे.) पुढचा एक आकडा सगळं ठरवतो. ओ२४.० म्हणजे आधीपासूनचा टाइप १, ओ२४.१ म्हणजे आधीपासूनचा टाइप २, ओ२४.४ म्हणजे गरोदरपणात उद्भवलेला आणि ओ२४.९ म्हणजे नेमकं सांगता न येणारा. हा शेवटचा म्हणजे डोकेदुखीच. कागदात स्पष्ट लिहिलेलं नसलं की कोड भरणारा नाइलाजाने तोच टाकतो आणि मग प्रश्न सुरू होतात. नाशिकची जी मुलं अमेरिकेच्या कामासाठी मेडिकल कोडिंग शिकतात, त्यांना आणखी बारीक फोड करावी लागते: आहारावर आटोक्यात असेल तर ओ२४.४१०, गोळ्यांवर ओ२४.४१५, इन्सुलिनवर ओ२४.४१४. आपल्या क्लेममध्ये इतकं खोल सहसा कुणी जात नाही, पण उपचार कशावर चालू होता हे समरीत असावंच.

या एका आकड्याने काय बिघडतं? आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरच्या नियामक संस्थेच्या) २०२४ च्या नियमांप्रमाणे आधीपासूनच्या आजारासाठी कंपनी जास्तीत जास्त ३६ महिन्यांची प्रतीक्षा लावू शकते, म्हणजे पॉलिसी घेतल्यापासून तेवढा काळ त्या आजाराचा क्लेम मिळत नाही. बाळंतपणाची प्रतीक्षा वेगळी, ती पॉलिसीनुसार बदलते. नोकरीच्या ठिकाणच्या ग्रुप पॉलिसीत बऱ्याचदा ती नसतेच. आमच्या सिन्नरच्या सुनेची पॉलिसी अडीच वर्षांची होती. बाळंतपणाची दोन वर्षं सरली होती, आधीच्या आजाराची तीन सरली नव्हती. म्हणून ‘जी’ महत्त्वाचा.

सुटका कुठून झाली? माता-बाल संरक्षण कार्डातून. आशाताईने दिलेलं, कोपरे दुमडलेलं, हळदीचा डाग पडलेलं कार्ड सासूबाईंच्या पिशवीत निघालं. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनेप्रमाणे पहिल्याच तपासणीत ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देऊन दोन तासांनी साखर पाहतात, उपाशी असो वा जेवलेली. १४० किंवा त्याहून जास्त आली तर गरोदरपणातला मधुमेह. कमी आली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा तपासतात. तिच्या कार्डावर नवव्या आठवड्यात ११२ आणि पंचविसाव्यात १५८ होती, दोन्ही तारखांसकट. मधुमेह आधी नव्हता, याला याहून चांगला पुरावा कोणता?

उलटही होतं. पहिल्या तिमाहीतच उपाशीपोटीची साखर १२६ किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ किंवा जास्त निघाली, तर तो बहुधा आधीपासूनचाच मधुमेह असतो. तेव्हा ‘साहेब, जीडीएम लिहून द्या ना’ असं डॉक्टरांना गळ घालू नका. झालेली चूक दुरुस्त करून मागणं हा तुमचा हक्क आहे, खरं निदान बदलून मागणं ही फसवणूक आहे. उद्या पॉलिसीच रद्द होऊ शकते.

फाईलमध्ये काय लागतं: पॉलिसीची प्रत किंवा ई-कार्ड, रुग्णाचं ओळखपत्र, माता-बाल संरक्षण कार्ड, दोन्ही वेळच्या ग्लुकोज तपासणीचे लॅबचे छापील रिपोर्ट (कार्डावरचा हाताने लिहिलेला आकडा पुरेलच असं नाही), सोनोग्राफीचे रिपोर्ट, इन्सुलिन किंवा मेटफॉर्मिन सुरू केल्याची तारीख असलेलं प्रिस्क्रिप्शन, घरच्या साखरेची वही, डिस्चार्ज समरी, सिझर असेल तर ऑपरेशनच्या नोंदी, मुख्य बिल आणि त्याची फोड, औषधांची बिलं. पैसे नंतर परत मिळवायचे असतील तर मूळ प्रती आणि रद्द केलेला चेक. मूळ कागद देण्याआधी झेरॉक्स काढाच.

सिझरची तारीख ठरली असेल तर पूर्वपरवानगीचा अर्ज दोन-तीन दिवस आधी टाका. कॅशलेसच्या अर्जावर कंपनीने एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. पण कंपनीने काही विचारलं आणि उत्तर आपल्याकडे अडलं, तर वेळ जातोच. म्हणून समरीची कच्ची प्रत आदल्या संध्याकाळी मागून घ्या आणि तीनच गोष्टी तपासा: ‘गरोदरपणात उद्भवलेला’ हे शब्द आहेत का, कितव्या आठवड्यात सापडला ते आहे का, उपचार काय दिला ते आहे का.

बाळाची साखर उतरून त्याला एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात) ठेवावं लागलं तर त्याचा कोड वेगळा, पी७०.०. आईच्या फाईलमध्ये तो घुसडू नका.

सिव्हिल किंवा बिटकोसारख्या सरकारी-महापालिका रुग्णालयात बाळंतपण झालं तर विम्याची ही भानगड नाही. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझरसकट सगळं मोफत आहे. सातपूर-अंबडला काम करणाऱ्या आणि स्वतः ईएसआयसीत (कामगार राज्य विमा योजनेत) असलेल्या बाईने मात्र एक लक्षात ठेवावं. आधीच्या दोन अंशदान कालावधींत (प्रत्येक सहा महिन्यांचा) ७० दिवसांचं अंशदान भरलेलं असेल तर पहिल्या दोन मुलांपर्यंत २६ आठवड्यांची प्रसूती रजा पगारासह मिळते. शिवाय गरोदरपणामुळे आजार झाला तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिना मिळतो. त्या दाखल्यातही आजाराचा गरोदरपणाशी संबंध स्पष्ट लिहिलेला हवा.

क्लेम नाकारला तर नकार लेखी मागा, त्यात पॉलिसीचं कलम असायला हवं. आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे जा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी सोडवणारा अधिकारी. नाशिकसाठी तो पुण्याला बसतो. फी नाही, वकील लागत नाही, एका वर्षाच्या आत जायचं.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी साखरेची तपासणी पुन्हा होते. बाळाच्या लसीच्या धांदलीत बहुतेकजणी ती चुकवतात. करा, आणि तो रिपोर्ट याच फाईलमध्ये लावा. पुढे नवीन पॉलिसी घेताना गरोदरपणात साखर वाढली होती हे सांगावंच लागतं. ती नंतर उतरली, हे दाखवायला हाच एक कागद हाताशी असतो.