आधी तार तुटते, मग स्नायू वाळतो

वय झालं की खुर्चीतून उठताना हातांचा आधार लागतो. त्याचं खापर बराच काळ एकट्या स्नायूवर फुटलं. 1980च्या दशकाअखेर या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव मिळालं, त्याचाही अर्थ ‘मांस घटणं’ एवढाच. हुकूम पोहोचवणाऱ्या चेतापेशीचं काय होतं, याची मोजदाद मात्र त्याआधीच सुरू झाली होती.

पाया 1925चा. लिडेल आणि शेरिंग्टन यांनी ‘मोटर युनिट’ ही कल्पना मांडली: मज्जारज्जूतली एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले सगळे स्नायूतंतू. 1936 मध्ये डेल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की चेतातंतूच्या टोकाकडून स्नायूपर्यंतची फट ओलांडून निरोप नेतं ते ॲसिटिलकोलिन हे रसायन.

1971 मध्ये मॅककोमास यांच्या गटाने जिवंत माणसातली युनिट्स मोजायची रीत काढली. चेतातंतूला विजेचा झटका अगदी हळूहळू वाढवत द्यायचा. स्नायूच्या प्रतिसादात पडणारी प्रत्येक पायरी म्हणजे साधारण एक युनिट. 1977 मध्ये टॉमलिन्सन आणि अर्व्हिंग यांनी मृतांच्या मज्जारज्जूतल्या पेशीच मोजल्या. साठीपर्यंत फारशी घट नव्हती, पुढे मात्र काहींत तरुणपणाच्या निम्म्याच उरल्या होत्या.

पेशी गेली की तिचे तंतू पोरके होतात. शेजारची पेशी फांद्या फोडून त्यातले काही दत्तक घेते, उरलेले वाळतात. तरुण स्नायूच्या आडव्या कापात जलद (झटकन आकसणारे) आणि मंद (सावकाश आकसणारे) तंतू एकमेकांत मिसळलेले दिसतात. वृद्ध स्नायूत एकाच जातीचे पुंजके दिसू लागतात, कारण दत्तक गेलेला तंतू नव्या पेशीची चाल उचलतो. जलद तंतू मंद पेशीकडे गेला की तोही मंदावतो. युनिट्स कमी पण मोठी झाल्याने जोर बारीक पायऱ्यांनी वाढवता येत नाही, आणि पाय घसरला तर दुसरा पाय वेळेत पुढे पडत नाही.

1990 मध्ये फियातारोने यांनी नव्वदीच्या आसपासच्या व्यक्तींकडून आठ आठवडे मांडीचा व्यायाम करून घेतला: एका वेळी जास्तीत जास्त उचलता येईल त्या वजनाच्या 80 टक्के, आठवड्यातून तीनदा, अर्थात देखरेखीखाली. ताकद सरासरी 174 टक्के वाढली, मांडीचा स्नायू मात्र जेमतेम 9 टक्के. हा फरक एकट्या मांसातून निघत नाही. मेंदूने युनिट्स अधिक नेमाने कामाला लावली, हे त्यामागचं मोठं कारण. म्हणूनच मांडीचा घेर मोजून ताकदीचा अंदाज बांधणं फसवं ठरतं. 2008 मध्ये क्लार्क आणि मॅनिनी यांनी वयाबरोबर ताकद घटण्याला ‘डायनापेनिया’ असं वेगळं नाव सुचवलं.