बायोब्रिक साधी की फ्यूजनची?

सोलापुरातल्या आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये एका विद्यार्थिनीने दोन जनुकं जोडली होती, आधी एका एन्झाइमचं, त्याला लागून हिरव्या चमकणाऱ्या जीएफपीचं. जेलवर पट्टा नेमक्या जागी आला, म्हणजे लांबी बरोबर होती, प्लेटवर जिवाणूंच्या वसाहती भरपूर उगवल्या, पण यूव्हीखाली सगळा अंधार. तीनदा करून झालं. "सर, चुकतंय कुठं?" तिचा हात चुकत नव्हता. बायोब्रिक म्हणजे ठरावीक कडा असलेले, एकमेकांना जोडता येणारे डीएनएचे तुकडे. एन्झाइमचा तुकडा सिल्व्हर पद्धतीचा, म्हणजे दोन प्रथिनं सलग जोडण्यासाठीचा (फ्यूजनचा) होता आणि जीएफपीचा साध्या बायोब्रिक पद्धतीचा.

हा घोटाळा सहज होतो, कारण दोन्हींच्या कडा सारख्याच दिसतात. दोन्हींत डावीकडे इको-आर-वन आणि एक्सबीए-वन, उजवीकडे एसपीई-वन आणि पीएसटी-वन या डीएनए कापणाऱ्या एन्झाइमांच्या जागा. एक्सबीए आणि एसपीई कापल्यावर 'सीटीएजी' हेच चिकट टोक उरतं, म्हणून तुकडे बिनतक्रार चिकटतात. फरक आहे तो सांध्यात उरणाऱ्या डीएनएच्या अक्षरांचा (ए, टी, जी, सी).

टॉम नाइट यांनी २००३ मध्ये एमआयटीत मांडलेल्या साध्या पद्धतीत सांधा आठ अक्षरांचा: टीएसीटीएजीएजी. पेशी तीन-तीन अक्षरं वाचते आणि आठाला तिनाने भाग जात नाही. 'कमल सकाळी घरात बसली' यात 'सकाळी'नंतर दोन जादा अक्षरं घालून तीन-तीन वाचा: 'कमल सकाळी टटघ रातब सली'. प्रथिनाचा तुकडा असेल तर याच पद्धतीत सांधा सहाचा होतो, पण टीएसी-टीएजी असा. टीएजी म्हणजे थांबा. प्रोमोटर (जनुक चालू करणारा भाग), आरबीएस (रायबोसोम बसायची जागा), जनुक अशी ओळ लावायला ही पद्धत उत्तम आहे, कारण तिथे सांधा प्रथिनात शिरतच नाही.

हार्वर्डमधल्या पामेला सिल्व्हर यांच्या लॅबने दोन्ही कडांचं एकेक अक्षर काढून टाकलं. सांधा उरला एसीटी-एजीए, म्हणजे थ्रिओनिन आणि आर्जिनिन ही दोन अमिनो आम्लं. वाचन सरळ पुढे जातं. बदल एवढासाच, पण मला तो फार देखणा वाटतो. दोन अडचणी मात्र आहेत. एजीए हा ई. कोलाय जिवाणूमध्ये दुर्मीळ कोडॉन (तीन अक्षरांचा शब्द) आहे. आणि तुकडा 'टीसी'ने सुरू झाला तर कडेवर जीएटीसी तयार होतं, त्यावर डॅम मेथिलेशन (जिवाणूच्या डॅम एन्झाइमने लावलेली मिथाइलची खूण) बसतं आणि एक्सबीए कापत नाही. जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या पद्धतीत सांधा एसीसी-जीजीसी, थ्रिओनिन-ग्लायसिन. नवीन तुकडा मागवायचा असेल तर मी तीच सुचवतो.

आमच्या नळीत दोन पद्धतींची सरमिसळ झाली आणि सांधा पाच अक्षरांचा झाला. जीएफपी होतं, पण सरकलेल्या चौकटीत. तिच्या घरी यंत्रमाग आहेत. रंगीत ताण्याला नवा बीम गाठताना एक धागा चुकला, की गाठ एकही सुटत नाही पण पुढचे रंग सगळे सरकतात, एवढं सांगितल्यावर पुढचं तिनेच बोलून दाखवलं.

आता जोडण्याआधी आम्ही संगणकावर क्रम उघडतो. शेवटचा कोडॉन संपताच एसीटीएजीटी सुरू झालं तर तुकडा सिल्व्हरचा, मध्ये एक 'टी' जादा असेल तर साधा. मग नळीच्या झाकणावर मार्करने तसं लिहितो.