रिव्हर्स स्प्लिट की डायल्युशन? शेअर घटणं वेगळं, हिस्सा घटणं वेगळं

नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारावरच्या छोट्या बायोटेक कंपनीचे खात्यातले ६,००० शेअर एका सकाळी ३०० दिसले की ओरड होते: डायल्युशन झालं, म्हणजे नवे शेअर काढून आपला हिस्सा घटवला! झालेलं नसतं. तो १ ला २० असा रिव्हर्स स्प्लिट असतो, म्हणजे २० जुन्या शेअर्सचा एक नवा शेअर.

समजा, कंपनीचे एकूण ६ कोटी शेअर होते, भाव ४० सेंट. स्प्लिटनंतर शेअर ३० लाख, भाव कागदोपत्री ८ डॉलर. तुमचा हिस्सा आधी ०.०१ टक्के, नंतरही तेवढाच.

डायल्युशनमध्ये उलटं. तुमचे ३०० जागचे हलत नाहीत, पण कंपनी ५ डॉलरने ३० लाख नवे शेअर विकते आणि हिस्सा ०.००५ टक्क्यांवर येतो. प्रत्येक नव्या शेअरसोबत एक वॉरंट (ठरलेल्या भावाने पुढे आणखी एक शेअर घेण्याचा हक्क) दिलं असेल आणि ती सगळी वापरली गेली, तर ०.००३३. खात्यात मात्र यातलं काही दिसत नाही.

दोन्हींची गल्लत होते, कारण एकापाठोपाठ दुसरं येतं. भाव सलग ३० कामकाजाचे दिवस १ डॉलरखाली राहिला की नॅस्डॅक नोटीस देतं, सुधारायला सहसा १८० दिवस मिळतात. भाव १ डॉलरवर नेण्यासाठी स्प्लिट. पण औषध चाचणीत, विक्री शून्य. रोकड संपत आली की शेअर विकण्यावाचून फारसा इलाज नसतो.

खरी मेख 'ऑथराइज्ड' शेअर्समध्ये आहे, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती शेअर काढू शकते त्या मर्यादेत. ती १० कोटी असेल तर स्प्लिटआधी ४ कोटींना जागा होती. अमेरिकेत स्प्लिटबरोबर ही मर्यादा आपोआप घटेलच असं नाही. पुष्कळ कंपन्या ती तशीच ठेवतात. मग जागा होते ९ कोटी ७० लाख! (आपल्याकडे शेअर एकत्र केले की दर्शनी किंमत वाढते, त्यामुळे अधिकृत शेअर्सची संख्याही सहसा त्याच पटीत उतरते.) म्हणून स्प्लिटवरच्या मतदानाआधी प्रॉक्सी स्टेटमेंटमध्ये (मतदानासाठी भागधारकांना दिलेल्या माहितीपत्रात) हाच आकडा शोधा. मर्यादा कायम ठेवणाऱ्या प्रस्तावाला डोळे झाकून 'हो' म्हणू नये.

डायल्युशन दरवेळी वाईटच, असंही नाही. औषध चाचणीच्या दुसऱ्या टप्प्याचे निकाल चांगले आल्यावर चढ्या भावात, वॉरंटशिवाय विकलेले शेअर सोसण्यासारखे असतात. 'एस-३' हा शेअर विक्रीच्या नोंदणीचा अर्ज दाखल झाला म्हणून घाबरू नका, ती फक्त विकण्याची तयारी. प्रत्यक्ष विक्रीचा भाव, संख्या आणि वॉरंटच्या अटी त्यानंतरच्या '४२४बी५' या माहितीपत्रकात असतात.