केळीबागेतले सेन्सर आणि हवेतली टक्कर : पार्श्वभूमी

जळगावच्या रावेर-यावल केळी पट्ट्यात ठिबक किती वेळ चालवायचे, करप्याची फवारणी कधी घ्यायची, हे आता सेन्सरच्या नोंदी पाहून ठरवता येते. मात्र या नोंदी बिनतारी येतात; दोन सेन्सरनी एकाच वाहिनीवर, म्हणजे एकाच रेडिओ लहरींवर, एकाच वेळी संदेश सोडला, तर दोन्ही नोंदी बुडू शकतात.

हा प्रश्न १९७१ साली हवाई बेटांवर सुरू झालेल्या अलोहा या संगणकांच्या बिनतारी जाळ्याइतका जुना आहे. वाटेल तेव्हा पाठवा, पोच आली नाही तर थांबून पुन्हा पाठवा, एवढाच तिथला नियम. त्यात वाहिनीचा फार तर १८.४ टक्के वेळ कामी येतो. वेळेचे कप्पे पाडून कप्प्याच्या सुरुवातीलाच पाठवले तर ३६.८ टक्के. पुढे ‘आधी ऐका, मग पाठवा’ ही रीत आली आणि २००३ च्या ८०२.१५.४ या कमी विजेच्या बिनतारी उपकरणांसाठीच्या मानकातून ती बॅटरीवरच्या सेन्सरपर्यंत पोचली.

वाद पेटला तो २०१५ च्या लोरावॅनवरून, म्हणजे थोड्या विजेत लांबवर संदेश पोचवणाऱ्या बिनतारी जाळ्याच्या नियमांवरून. त्याने ऐकण्याची पायरी गाळून पुन्हा अलोहाचीच वाट धरली. कारण साधेपणाचे आणि बॅटरीचे. सर्वांत मंद वेगाला छोटासा संदेशही हवेत सेकंदाहून जास्त राहतो, मग टकरी वाढणारच, हा आक्षेप खोटा नाही. पण केळीच्या बागेत ऐकून तरी काय हाती लागते? अँटेना जमिनीलगत, मध्ये पाण्याने भरलेली खोडे आणि पाने. शेजारच्या दोन बागांतल्या सेन्सरना एकमेकांचा पत्ता नसतो, सगळ्यांचे संदेश गोळा करणाऱ्या, उंच खांबावरच्या गेटवेला मात्र दोघेही ऐकू येतात. ही अडचण १९७५ सालीच मांडली गेली होती. म्हणून इथल्यापुरता न ऐकण्याचा तो निर्णय योग्यच होता.

उणीव शिस्तीची आहे. युरोपात अनेक पट्ट्यांत उपकरणाला एक टक्काच वेळ बोलता येते. भारतात २००५ मध्ये ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला, त्यावर अशी वेळमर्यादा नाही. जाळ्यात शिरण्यासाठी वाहिन्याही मुळात तीनच. त्यात शेतीपंपांची लाइट पाळीने येते. ती आली की एकाच फिडरवरचे, म्हणजे एकाच वीजलाइनवरचे, पंपांचे सगळे लोरावॅन कंट्रोलर एकदम जागे होतात आणि एकाच क्षणी जोडणी मागतात. लोरावॅनच्या पुढच्या आवृत्त्यांनी अशा वेळी प्रत्येकाने वेगवेगळा, यादृच्छिक (कसाही, ठरावीक नसलेला) काळ थांबावे असे सांगितले. बाजारातल्या स्वस्त कंट्रोलरमध्ये ते पाळले आहे का, हे खरेदीआधी विचारायलाच हवे.