विश्वाचा ग्राफ पेपर

आपण सगळे कुणाच्या तरी कॉम्प्युटरमधलं सिम्युलेशन आहोत का, हा विषय निघाला की कुणीतरी लगेच माया-ब्रह्म काढतं नाहीतर इलॉन मस्क, आणि गप्पा तिथेच संपतात. मला आवडलेली गोष्ट वेगळीय. २०१२ मध्ये बीन, दाऊदी आणि सॅव्हेज या भौतिकशास्त्रज्ञांनी सरळ विचारलं, असेल सिम्युलेशन तर पकडायचं कसं?

हे लोक स्वतःच सिम्युलेशनवाले. क्वार्कचं (प्रोटॉन ज्यांचा बनतो त्या कणांचं) गणित सुपरकॉम्प्युटरवर सोडवतात आणि त्यासाठी जागेचा ग्राफ पेपर करतात, गणित फक्त रेघा छेदतात त्या बिंदूंवर. खर्च इतका की अणुकेंद्रकाएवढी जागा मावली तरी खूप. आता विश्व चालवणाऱ्यानेही हाच ग्राफ पेपर वापरला असेल तर एकतर कणाच्या ऊर्जेला वरून मर्यादा येणार, कारण कण म्हणजे लहरही, ऊर्जा जितकी जास्त तितकी ती बारीक, आणि चौकटीहून बारीक लहर त्यात बसतच नाही, आणि शिवाय रेघेवरून सरळ जाणं वेगळं न् तिरकं जाणं वेगळं (हत्ती आणि उंट!), म्हणजे सगळ्यात जोरदार कॉस्मिक किरण (अवकाशातून येणारे वेगवान कण) काही ठरावीक दिशांनी जास्त दिसणार.

जोरदार म्हणजे किती, तर १९९१ मध्ये अमेरिकेत युटाच्या आकाशात एक कण सापडला, त्यात साधारण ५० ज्यूल ऊर्जा होती. ताशी ९० किमीने टाकलेल्या क्रिकेटच्या बॉलची सगळी ताकद एका कणात! अशा किरणांच्या हिशोबावरून चौकट असलीच तर ती प्रोटॉनच्या साधारण लाख कोटीव्या भागाहून बारीक.

निक बोस्ट्रॉम या तत्त्वज्ञाने २००३ मध्ये तीन पर्याय मांडले होते: प्रगत संस्कृती असं सिम्युलेशन करण्यापर्यंत पोचण्याआधीच संपतात, किंवा पोचल्या तरी त्यांना असलं काही चालवण्यात रस नसतो, किंवा आपण जवळजवळ नक्कीच सिम्युलेशनमध्ये आहोत. लोक तिसराच उचलतात. माझं घोडं पेंड खातं ते मेमरीपाशी. नुसत्या ३०० क्यूबिटची (क्वांटम कॉम्प्युटरमधले बिट) अवस्था साध्या कॉम्प्युटरवर पूर्ण लिहायची तर एकावर ९० शून्यं एवढे आकडे लागतात, दिसणाऱ्या विश्वातले अणू साधारण एकावर ८० शून्यं. आपल्याला चालवणारा कॉम्प्युटरच क्वांटम असेल तर गोष्ट वेगळी. पण 'गेमसारखं, बघतोय तेवढंच रेंडर होतंय' असं कुणी म्हणालं की मी गप्प बसतो, त्याला कुठला प्रयोग खोटं ठरवणार?

बाकी दिशांचं म्हणाल तर अर्जेंटिनात ३००० चौरस किमी माळावर पाण्याच्या सोळाशेवर टाक्या मांडून पिएर ओजे वेधशाळा हेच किरण मोजते, आणि २०१७ मध्ये त्यांना दिशेचा फरक खरंच सापडला. पण एकाच बाजूने जास्त, सरासरीहून साधारण साडेसहा टक्के. ग्राफ पेपरचा ठसा असता तर समोरासमोरच्या दिशांनी सारखेच आले असते. हे किरण आपल्या आकाशगंगेबाहेरून येताहेत, एवढंच निघालं.