एन-गेज

फिनलंडच्या नोकिया कंपनीने ७ ऑक्टोबर २००३ रोजी बाजारात आणलेले उपकरण. मोबाईल फोन आणि हातात धरून खेळायचे व्हिडिओ गेमचे यंत्र असे दोन्ही त्यात एकत्र होते.

फोनवर माणसे खेळतात, हे नोकियाला इतरांच्या आधी उमगले होते. १९९७ च्या ६११० या फोनमध्ये कंपनीने ‘स्नेक’ दिला. हाच सापाचा खेळ पुढे ३३१० आणि ११०० मुळे आपल्याकडे घरोघरी पोचला. हातातल्या खेळांच्या बाजारावर त्या काळी जपानच्या निन्टेन्डो कंपनीच्या गेम बॉय या खेळयंत्राचे राज्य होते. खिशात दोन यंत्रे कशाला बाळगायची, हा नोकियाचा प्रश्न अगदी रास्त होता.

घोटाळा झाला तो घडणीत. पडदा उभा, १७६ × २०८ पिक्सेलचा. धावण्याच्या किंवा गाडी पळवण्याच्या खेळात पुढचा रस्ता दिसायला हवा, तर इथे बाजू कापल्या गेलेल्या. खेळ मेमरी कार्डावर मिळत आणि कार्डाची खाच होती बॅटरीखाली. त्यामुळे खेळ बदलायचा तर फोन बंद करा, मागचे झाकण उघडा, बॅटरी काढा, कार्ड बदला, सगळे पुन्हा बसवा आणि फोन सुरू होण्याची वाट पाहा. गेम बॉयमध्ये हेच काम क्षणात होई. बोलण्याची सोय तर त्याहून अवघड: ऐकण्या-बोलण्याची छिद्रे यंत्राच्या कडेवर असल्याने ते सपाट न धरता त्याची कड कानाला टेकवून धरावे लागे. दुमडलेल्या पोळीसारख्या ‘टॅको’ या मेक्सिकन पदार्थावरून त्याला ‘टॅको फोन’ हे नाव चिकटले ते कायमचे.

किंमत २९९ डॉलर. त्याच वर्षी आलेला गेम बॉय अ‍ॅडव्हान्स एसपी १०० डॉलरच्या आत मिळत होता. महिना उलटण्याआधीच अमेरिकेतील मोठ्या दुकानांनी १०० डॉलरची सूट जाहीर केली. ‘टूम रेडर’, ‘सॉनिक’ असे बरेच खेळ लोकांनी इतर यंत्रांवर आधीच खेळलेले होते. ‘पाथवे टू ग्लोरी’ आणि ‘पॉकेट किंगडम’ मात्र खास याच यंत्रासाठी केलेले आणि खरोखर चांगले होते. ब्लूटूथने शेजारच्याशी, मोबाईल नेटवर्कवरून दूरदेशीच्या खेळाडूशी सामना ही २००३–०४ मध्ये मोठीच झेप होती. तिचे श्रेय एन-गेजला द्यायलाच हवे.

२००४ मध्ये आलेल्या ‘एन-गेज क्यूडी’ने कार्डाची खाच बाहेर आणली आणि फोन सरळ कानाला लावता येऊ लागला, मात्र एमपी३ गाणी आणि एफएम रेडिओ गेले. वर्षअखेरीस निन्टेन्डो डीएस आणि सोनीचे पीएसपी ही हातात धरायची नवी खेळयंत्रे आली आणि स्पर्धाच बदलली. ठरवलेले ६० लाख यंत्रे विकण्याचे लक्ष्य नोकियाला गाठता आले नाही.

२००८ मध्ये नोकियाने हेच नाव आपल्या स्मार्टफोनवरील खेळ-सेवेला दिले. त्याच वर्षी जुलैत आयफोनवर खेळ आणि इतर अ‍ॅप देणारे अ‍ॅपलचे अ‍ॅप स्टोअर सुरू झाले. एन-गेज सेवा बंद करण्याची घोषणा २००९ मध्ये झाली.